आधी काटा, मग हवा: कॅम्पर व्हॅनच्या टायरवरचा भार आणि हवेचा दाब

सातारा, कराड, सांगलीकडे हल्ली जुनी ट्रॅव्हलर किंवा तशीच उंच छताची व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेणारी, म्हणजे तिची कॅम्पर करणारी घरं दिसू लागली आहेत. शनिवारी कास, ठोसेघर, जोडून सुट्टी आली तर कुंभार्ली घाट उतरून कोकण. प्लाय कुठला, बॅटरी किती अँपिअरची, सोलर कुठे, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. टायरची चर्चा मात्र "नक्षी चांगली आहे ना?" एवढ्यावर संपते. आणि हवा? पंपावरचा पोरगा विचारतो, "किती मारू?" आणि आपण जुन्या कारच्या सवयीनं "पस्तीस" म्हणून मोकळे होतो. तीन टनांच्या गाडीला मागच्या चाकात पस्तीस म्हणजे घाटात टायर फुटायची तयारी झाली.

गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली दाबलेली हवा उचलते. हवा कमी पडली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, दबून सुटताना तापते, आणि तापत तापत आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटतात. असा टायर बाहेरून शेवटच्या क्षणापर्यंत धडधाकट दिसतो. म्हणून दाबाचा आकडा कुणाला विचारून ठरवायचा नसतो. गाडी काट्यावर घालायची, प्रत्येक चाकावरचं वजन घ्यायचं आणि त्यावरून दाब काढायचा. क्रम हाच ठेवायचा.

टायरच्या बाजूवर काय लिहिलंय

समजा टायरवर लिहिलंय: २१५/७५ आर१६सी ११६/११४आर. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, पहिला आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. इथवर बहुतेकांना माहीत असतं. कॅम्परवाल्यानं खरं बघायचं ते पुढचं.

सी म्हणजे माल आणि माणसं वाहणाऱ्या व्यावसायिक गाडीसाठी बनवलेला टायर. त्याचा सांगाडा कारच्या टायरपेक्षा भक्कम असतो आणि तो जास्त दाब सहन करतो. काही टायरवर सीऐवजी एलटी असतं, काहींवर ६पीआर, ८पीआर असा प्लायचा आकडा असतो. पूर्वी तेवढे थर खरोखर असायचे, आता तो आकडा फक्त ताकदीची पायरी दाखवतो.

११६/११४ हा भार निर्देशांक. हा आकडा म्हणजे किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. आपल्या कामाचे क्रमांक असे:

१०० म्हणजे ८०० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०६ म्हणजे ९५० किलो
१०९ म्हणजे १०३० किलो
११२ म्हणजे ११२० किलो
११४ म्हणजे ११८० किलो
११६ म्हणजे १२५० किलो
११८ म्हणजे १३२० किलो
१२१ म्हणजे १४५० किलो

दोन आकडे असतात तेव्हा पहिला चाकाला एकच टायर असेल तेव्हाचा आणि दुसरा मागे डबल टायर असतील तेव्हाचा. डबलमध्ये प्रत्येक टायरची क्षमता थोडी कमी धरतात, कारण आतला आणि बाहेरचा टायर कधीच सारखा भार घेत नाहीत. रस्त्याचा उतार, थोडी वेगळी झीज, आतल्या बाजूची उष्णता, सगळं त्यात येतं. शेवटचं अक्षर वेगाचं: एन १४०, क्यू १६०, आर १७०, एस १८० किलोमीटर ताशी. कॅम्परला वेग महत्त्वाचा नाही, पण गाडीसोबत आलेल्या अक्षरापेक्षा खालचा टायर घेऊ नका.

इथेच खूप जण फसतात. माप तेच असलं तरी भार वेगळा असू शकतो. २१५/७५ आर१५ याच मापात १०० निर्देशांकाचा टायरही मिळतो आणि १०६ चाही. दुकानात दोन्ही एकाच रॅकवर, रिमवर दोन्ही बसतात, दिसायलाही सारखेच. पण एका चाकामागे १५० किलोचा, चार चाकांमागे ६०० किलोचा फरक आहे. दुकानदाराला माप सांगून थांबू नका, निर्देशांकही सांगा आणि बसवण्याआधी टायर वळवून स्वतः वाचा. त्याच बाजूवर आयएसआय खूण आणि डॉट शब्दाच्या शेवटी चार आकडे शोधा. २३२१ असेल तर टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. नवा म्हणून विकलेला टायर तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडून होता का, ते यावरून कळतं.

युरोपात खास कॅम्परसाठी सीपी खुणेचे टायर निघतात. कॅम्पर कायम पूर्ण भरलेली असते आणि महिनोन्‌महिने एका जागी उभी राहते, हे धरून ते बनवलेले असतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत. योग्य निर्देशांकाच्या सी टायरवर आपलं काम चालतं.

वजन कुठून येतं

काट्यावर जाण्याआधी कागदावर बेरीज करून बघा, डोळे उघडतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १५० अँपिअरची ट्यूब्युलर बॅटरी साधारण ५५ ते ६० किलो, दोन घेतल्या तर ११० ते १२० किलो. १८ मिमीचा आठ बाय चारचा प्लाय एका शीटला ३५ किलोच्या आगेमागे, आणि पलंग, कपाट, ओटा धरून पाच-सहा शीट सहज लागतात. घरगुती भरलेला सिलिंडर ३० किलो. पाच माणसं सव्वातीनशे किलो. वर पॅनेल, ताडपत्री, खुर्च्या, भांडी, तांदूळ-डाळ.

वजन किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलेली वस्तू तिच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर टाकते. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरा आणि मागच्या एक्सलच्या १ मीटर मागे १०० किलोची टाकी बसवा. मागच्या एक्सलवर १३३ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ३३ किलो कमी होतात. मागचे टायर दबतात, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग भिरभिरायला लागतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक नीट धरत नाहीत. म्हणून पाणी आणि बॅटरी दोन्ही एक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली. फर्निचरचा आराखडा काढतानाच हे ठरवायला हवं, नंतर टाकी हलवणं जिवावर येतं.

अजून एक व्यवहाराचं. महाबळेश्वरला मुक्काम करायचा असेल तर साताऱ्यातूनच टाकी काठोकाठ भरून नेण्यात अर्थ नाही. रस्त्यापुरतं २०-२५ लिटर ठेवा, बाकी मुक्कामी भरा.

काट्यावर

वजनकाटे आपल्या भागात मुबलक आहेत. एमआयडीसीजवळ, मार्केट यार्डाच्या बाजूला, साखर कारखान्यांच्या वाटेवर. ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत, कारखान्याकडच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. तेव्हा खासगी काटा गाठा आणि सकाळी लवकर जा. मालकाला आधीच सांगा की चार-पाच वेळा गाडी पुढेमागे करायची आहे, त्याचे जे पैसे होतील ते देऊ.

गाडी प्रवासाला निघते तशीच न्यायची. डिझेल फुल, पाणी नेहमी भरता तेवढं, सामान जागेवर, घरची माणसं आपापल्या जागी बसलेली. रिकामी गाडी तोलून काही उपयोग नाही.

आधी पूर्ण गाडी काट्यावर घेऊन एकूण वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर. पुढच्या-मागच्या आकड्यांची बेरीज एकूण वजनाच्या जवळपास आली पाहिजे. फार फरक असेल तर जागा सपाट नाही किंवा कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवलाय. हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला ठेवा, पुन्हा घ्या.

आता बहुतेक लोक जे करत नाहीत ते करा: एकेक चाक. काट्याची फळी जमिनीच्या पातळीत असेल, म्हणजे काटा खड्ड्यात बसवलेला असेल, तर गाडी कडेला घेऊन फक्त मागचं डावं चाक काट्यावर ठेवता येतं. तसंच उजवं, तसंच पुढची दोन्ही. रॅम्पवर चढवलेल्या उंच काट्यावर हे करू नका, गाडी तिरपी होऊन आकडे चुकतात. कॅम्परमध्ये डावा-उजवा फरक हमखास निघतो, कारण ओटा, टाकी आणि गॅस बहुधा एकाच बाजूला जातात. एक्सलच्या वजनाला दोननं भागून समाधान मानलं तर जड बाजूचा टायर कायम उपाशी राहतो.

आलेले आकडे तीन मर्यादांशी ताडून बघा: आरसीवरचं एकूण वजन, दारापाशी लावलेल्या कंपनीच्या पट्टीवर दिलेली प्रत्येक एक्सलची मर्यादा आणि टायरचा भार निर्देशांक. तिन्हींतली सगळ्यात लहान मर्यादा हीच खरी. १२१ चे टायर घातले म्हणून गाडीचं पासिंगचं वजन वाढत नाही, कमानपाटे, ब्रेक आणि एक्सल तेच राहतात. गाडीत केलेला बदलही आरसीशी जुळला पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि मोटर कॅरॅव्हानसाठी, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत, एमएच-११ असो, ५० असो की १०, विचारून घ्या. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा आरसीच मागते.

आकड्यावरून दाब

दारापाशी किंवा पुस्तिकेत कंपनीनं दिलेला पुढचा आणि मागचा दाब हा पाया. टायरचं माप आणि निर्देशांक कंपनीचाच असेल आणि एक्सलचं वजन मर्यादेत असेल, तर तोच दाब ठेवा. पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या, कारण कॅम्पर कधीच रिकामी नसते.

टायर वेगळे असतील किंवा पट्टी निघून गेली असेल, तर टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मिळवा. तोही हाती नसेल तर शाळेतलं त्रैराशिक कामाला येतं. टायरच्या बाजूवर कमाल भार आणि तो पेलायला लागणारा दाब लिहिलेला असतो. समजा तिथे १२५० किलो आणि ४७५ केपीए, म्हणजे ६९ पीएसआय आहे (पंपावर "पस्तीस" म्हणतो ते पीएसआयच). काट्यावर मागचं डावं चाक ९३० किलो, उजवं ८१० किलो आलं. हिशोब नेहमी जड चाकाचा. त्यात १० टक्के जादा धरा, कारण पुढच्या वेळी पाहुणे येतील, परतताना आंब्याच्या पेट्या असतील. ९३० चे झाले १०२३. आता १०२३ भागिले १२५० गुणिले ६९, उत्तर येतं साडेछप्पन. ५७ धरा, आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांत ५७ च. एका एक्सलवर दोन वेगळे दाब ठेवायचे नाहीत.

पुढचं जड चाक ६५० किलो असेल तर १० टक्के धरून ७१५ आणि दाब ४०. पण पट्टीवर पुढे ४५ लिहिलं असेल तर ४५ ठेवा. पसरणीचा किंवा यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर धावतं, आणि कंपनीनं ते हिशोबात धरलेलं असतं. खालची सीमा पट्टीची, वरची सीमा टायरच्या बाजूवरची.

हे त्रैराशिक सुरक्षित का, तर दाब कमी केला की टायरची क्षमता त्याच प्रमाणात नव्हे, थोडी कमी वेगानं घटते. त्यामुळे सरळ हिशोबानं येणारा दाब कंपनीच्या तक्त्यापेक्षा जरा जास्तच निघतो. चूक झालीच तर ती भल्याच्या बाजूला. मात्र उत्तर टायरवरच्या कमाल दाबाच्या वर गेलं, तर ते हवेनं सुटणारं गणित नाही. सामान उतरवा किंवा जास्त निर्देशांकाचा टायर घ्या.

डबल टायर असतील तर एका बाजूचं वजन दोननं भागा आणि दुसरा निर्देशांक वापरा. एककांत गोंधळू नका: १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, १०० केपीए म्हणजे १ बार.

"मग सरळ कमाल दाबच भरून टाकू की" असं म्हणणारे भेटतात. गरजेपेक्षा जास्त हवा भरली तर टायर मधल्या पट्ट्यावर चालतो, तिथेच झिजतो, आणि महाबळेश्वरच्या पावसात रस्त्याला धरणारी जागा कमी होते. गाडी आदळते, कपाटांचे स्क्रू सैल होतात. टायरवरचा कमाल आकडा ही हद्द आहे, तिथे पोचायचंच असं नाही.

हवा भरताना

वरचे सगळे आकडे थंड टायरचे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा सावकाश दीड किलोमीटरच्या आत चाललेली. पंप लांब असेल तर घरीच मोजा, किती कमी आहे ते लिहून ठेवा आणि पंपावर तेवढीच वाढवा.

चालून तापलेल्या टायरमध्ये दाब १० ते १५ टक्के वाढणं स्वाभाविक आहे. ५७ चे ६४ दिसले म्हणून हवा सोडू नका. सोडली तर गार झाल्यावर टायर पन्नाशीवर येईल.

"उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची, नाहीतर फुटतो" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो, आणि तो घातक आहे. साताऱ्यात सकाळी २० अंशांत ५७ भरले आणि दुपारी जतच्या रस्त्यावर ४० अंश झाले, तर नुसत्या हवामानानं दाब साधारण ५ पीएसआय वाढतो. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ आधीच धरलेली असते. फुटण्याचं कारण बहुधा उलटं असतं: हवा कमी, म्हणून बाजू जास्त दबली, म्हणून तापली. माण, खटाव, आटपाडीच्या उन्हात भरलेली गाडी कमी हवेवर पळवणं हा सगळ्यात मोठा धोका. घरात कुणी हे सांगत असेल तर कृपा करून त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

थंडीत हेच उलटं चालतं. दुपारी ३८ अंशांत ५७ भरले आणि पहाटे पाचगणीला १४ अंश असतील तर गेज ५१-५२ दाखवेल. पंक्चर नाही, पण हवा भरावी लागेल. उंचीचा परिणाम मात्र नगण्य आहे. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना बाहेरच्या हवेचा दाब घटतो म्हणून गेज जेमतेम १ पीएसआय जास्त दाखवतं. त्यासाठी काही करायचं नाही.

नायट्रोजनबद्दल विचारणा होते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, एवढंच. त्यानं टायरची ताकद वाढत नाही. दाब कमी असेल तर साधी हवा बिनधास्त मिसळा.

स्वतःचं गेज घ्या, १०० पीएसआयपर्यंत मोजणारं. पंपावरची कारसाठीची मशीन कधी कधी जास्त दाब घेत नाहीत, तेव्हा ट्रकच्या बाजूचा कॉम्प्रेसर वापरा. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी मोजा.

व्हॉल्व्ह, रिम, आतला टायर

साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. तुमचा दाब त्याच्या आसपास किंवा वर असेल तर धातूचा किंवा जास्त दाबाचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी अख्खं कुटुंब धोक्यात घालू नका. बाजारातून दिसायला छान अलॉय घेतलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला कमाल भारही वाचा. कारचं रिम व्हॅनला बोल्टांत बसतं म्हणून चालत नाही.

डबल टायरवाल्यांनी आतला टायर मोजायचा कंटाळा करू नये. एक्स्टेन्शन नळी लावून घ्या. आतला बसला तर बाहेरचा एकटाच दोघांचा भार ओढतो आणि तासाभरात तोही जातो. पाटणकडच्या खडीच्या रस्त्यानंतर दोन टायरांमध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा. बाजूला फुगा आलेला टायर त्याच दिवशी बदला, त्याला दुरुस्ती नाही.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानं टायर संपला. कॅम्परचा टायर मात्र नक्षी झिजण्याआधी वयानंच मरतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून उतरवून तपासा, बाजूला बारीक चिरा दिसल्या तर बदला, आणि दहा वर्षांपुढे कितीही नवा दिसला तरी वापरू नका. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर पाणी काढून टाका, दाब टायरवरच्या कमाल आकड्यापर्यंत न्या, दोन-तीन आठवड्यांनी थोडी पुढेमागे करा म्हणजे एकाच जागी चपटा बसणार नाही. बाहेर काढताना दाब पुन्हा प्रवासाच्या आकड्यावर आणायचा.

स्टेपनीही त्याच मापाची आणि त्याच निर्देशांकाची हवी. तिच्यात मागच्या चाकाचा, म्हणजे जास्तीचा दाब ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर रस्त्याच्या कडेला हवा सोडता येते, खंबाटकीच्या चढावर रात्री भरता येत नाही. जॅकवर किती टन लिहिलंय तेही एकदा बघा. रिकाम्या गाडीसोबत आलेला जॅक भरलेल्या कॅम्परला पुरतो की नाही, हे घरासमोर एकदा चाक उचलून तपासा.